फेतू मान वर करत नाही

प्रिय फिलोताई,

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या पायांची सूज उतरत नाही आणि ते रोज फेतूचं नाव काढतात, हे वाचता वाचता गॅसवरचा भात करपला. ब्रिस्बेनला सध्या बोचरी थंडी आहे.

आठवतं, आपण बाबांसमोरून कमरेत वाकून जायचो? ते रागावले की आपली नजर चटईला खिळलेली असायची. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, आईच्या दुधाबरोबरच आलं. माझ्या सात वर्षांच्या फेतूला मात्र सगळंच शिकवावं लागतं. डॉक्टर म्हणतात स्वमग्नतेचा एक प्रकार, ॲस्पर्जर असावा, नक्की सांगता येत नाही. हसायचं कधी, थांबायचं कधी, समोरचा कंटाळला हे ओळखायचं कसं, सगळं पाढ्यांसारखं घोकून घ्यायचं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघायला शिकवताना तर तिच्या बाई आणि मी रडकुंडीला आलो. जमलं त्या दिवशी मी केक आणला होता.

आणि नाताळात आम्ही बेटावर गावी आलो. ती संध्याकाळच्या प्रार्थनेत मध्येच बोलली म्हणून बाबा रागावले. तिने शिकवल्याप्रमाणे मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं. 'माझ्याकडे डोळे वर करून बघतेस? आईने हेच शिकवलं का?' म्हणत त्यांनी खराटा उचलला. मार खातानाही ती बघतच राहिली, कारण ते अजून बोलत होते. मी मध्ये पडेपर्यंत तिच्या पोटऱ्या सोलल्या होत्या. तू म्हणालीस, 'अगं, आपण काय कमी मार खाल्ला? मेलो का?' नाही मेलो, ताई. पण मार कशासाठी, हे आपल्याला कळायचं.

आता ती कुणाकडेच बघत नाही. शाळेत बाकाकडे बघते, घरी माझ्या पावलांकडे. मैत्रीण म्हणावी अशी एकच झाली होती, तीही आता दुसरीकडे बसते. बाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करताहेत. मला बाबांचा राग येतो आणि त्यांच्या सुजलेल्या पायांची काळजीही वाटते. काय करू?

काल तिला म्हटलं, आजोबा आजारी आहेत, भेटायला जाऊ या. ती माझ्या पावलांकडे बघत म्हणाली, 'आजोबांचे डोळे मिटले की जाऊ. मग बघितलं तरी चालेल.' ती वाईट नाही गं, तिला हीच रीत वाटते. म्हणून आम्ही येत नाही. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. विमानाची तिकिटं मिळाली नाहीत, एवढंच सांग.

तुझीच,
लुपे