कळसातला तांब्या

माघ शु. ५, सोमवार
पुन्हा वर्गणीला फिरलो, पुन्हा हात हलवत परत. महादेवाच्या शिखरावर वीज पडून कळस गेला. गवंड्यानं मजुरीला ज्वारी घेऊन शिखर सांधून दिलं, पण कळसाला तांबं लागतं आणि गावात रोकड कुणाकडं नाही. किराणा दुकानात माझं बूड ठरत नाही. आईनं नेम धरलाय, कळस चढेस्तोवर अळणी खायचं. तिच्या हातापायाच्या काड्या झाल्यात. बोललं की, "तू तुजं बघ." माझंच बघतोय ना!

शु. ८
आज सुचलं. पैसे नकोतच, घरटी एक तांब्याचं जुनं भांडं मागायचं. चावडीवर पाटील म्हणाले, "अप्पा, लई बेस!" आणि हलगी लावून स्वतःचा हंडा धाडला. शिवरात्रीचा मुहूर्त धरला. कळस चढवायचा तहसिलीचा परवाना आधीच हाती आहे.

शु. १२
ओसरीवर ढीग. घंगाळं, पळ्या, गळके तांबे. बायका दिलेलं भांडं पुन्हा हातात घेऊन बघतात. मी नजर वळवतो.

वद्य २
पोती बीडला तांबटाकडं नेली. डोळ्यांदेखत सगळ्याचा रस झाला. परतीच्या वाटेवर उगाच गाणं म्हणत होतो.

वद्य ९
कळस आला. दुकानात तांदळाच्या पोत्यावर ठेवलाय. गिऱ्हाईक मीठ मागतं, मी गूळ देतो.

वद्य ११
माशी शिंकली. मांगवाड्यातली गंगूमाय, गावाची सुईण, बाजारात आनंदानं सांगत सुटली, "माजा तांब्या बी कळसात हाय!" पाटील तडक दुकानात. "तिचं तांबं काढ बाहेर, न्हाईतर कळस चढू देणार न्हाई."
म्हटलं, "रस झालाय, पाटील. कुठलं कोणाचं काढू?"
"ते मला इचारतो व्हय बे?"
कळस वर ओढायला शिखराला पुरेल एवढा लांब नाडा, मोटेचा दोर, एकट्या पाटलाच्या विहिरीचा. तो ते देणार नाहीत.
आईला विचारलं. मागल्या दारानं तिनंच तो तांब्या घेतला होता. "तुला कावून सांगू? तू घाबरट." राग आला. खरं बोलली म्हणून जास्त आला.

वद्य १३, बुधवार
पाटील पुन्हा आले, कळस चढणार नाही हा गावकीचा निकाल सांगायला. आई आतून काठी टेकत बाहेर आली.
"पाटील, तो तांब्या तुमच्याच घरचा. तुमी जल्मलात तवा तुमच्या आईनं गंगूला दिल्ता. आडवे आल्तात तुमी. तिच्या हातानं सुटलात."
पाटील कळसाकडं बघत म्हणाले, "माज्या आईनं?" आणि पायताण न घालताच गेले. पायताण अजून दुकानापुढं पडलंय. नेऊन द्यावं की नको, ठरत नाही. आईनं आज अर्धी भाकरीसुद्धा संपवली नाही. भीती वाटते.

वद्य १४, शिवरात्र, सकाळ
देवळाकडं जाऊन आलो. पाटील पायरीवर बसलेत, अनवाणी. मांडीवर नाड्याचं वेटोळं. देणार की अडवणार, कळत नाही. गावातली माणसं भिंतीला टेकून उभी. गंगूमाय लांब लिंबाखाली. आई सकाळीच जाऊन तिच्याशेजारी उभी राहिली आहे, तिच्याच खांद्याचा आधार घेऊन. निघताना म्हणाली, "आज चढला न्हाई तर मरेस्तोवर मिठाला शिवणार न्हाई."
कळस एकट्याला उचलवतो का बघितलं. उचलवतो. पाटलाचं पायताणही काखेत घेतलंय. लिहीत काय बसलोय, कळस घेऊन जातो