ठमीला दम लागतो

३ नोव्हेंबर, सोमवार

तिसरं गिऱ्हाईक ठरलं. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आहेत. रविवारी सकाळी दहाला गाडी पाहायला येणार.

आधीची दोघं टाकीच्या चढावरून परत गेली. पाण्याच्या टाकीकडचा रस्ता आमच्या फाटकापुढेच वर चढतो. गाडी पाहायला आलेला माणूस ती तिथेच नेतो. अर्ध्या चढावर ठमी धापा टाकते, मग थांबते. पहिला म्हणाला, "ताई, इंजिन गेलंय हिचं." दुसऱ्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि चालू लागला — उतारावरून, झपझप!

ठमी एकोणीस वर्षांची. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. त्या गेल्या, नाव राहिलं. बाबांचा — सासऱ्यांचा — गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्या दिवशी बाबा स्वतःच म्हणाले, "विकून टाका." नवऱ्याने लगेच मान डोलावली. मला गाडी चालवायची धास्ती, आणि गाडी काही माझी नव्हे.

कपड्यांच्या घड्या केल्या. निळे मोजे नवऱ्याचे, राखाडी बाबांचे. राखाडी एक अजून बेपत्ताच. महिना होऊन गेला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी बाबा नेहमीप्रमाणे गाडीत. उभ्या गाडीत, पट्टा लावून पेपर वाचतात. चहा खिडकीतून द्यावा लागतो. काच खाली, कप आत, काच वर. आज म्हणाले, "मी पुढच्या स्टॉपला उतरतो."

५ नोव्हेंबर, बुधवार

गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने लक्षणं ऐकून घेतली, डॉक्टरसारखी.

"हवेचा फिल्टर कधी बदललाय?"

माहीत नाही म्हटलं.

"बघा म्हणजे! नाक चोंदल्यावर माणूस तरी चढ चढेल का?"

या आठवड्यात त्याला वेळ नाही. म्हणाला, "तुम्हीच करा ना. चार क्लिपा काढायच्या, जुना काढायचा, नवा ठेवायचा. उशीचा अभ्रा बदलता ना? त्याहून सोपं."

जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, "करून बघ. रविवारच्या आत झालं तर बरंच." बाबांचा घास हातातच राहिला.

"त्याने काही व्हायचं नाही. इंजिन थकलंय."

चाळीस वर्षं लेथवर काढलेला हा माणूस. यंत्र थकत नाही, हयगय करणारी माणसं थकतात — हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. आणि आज इंजिन थकलंय!

"तरी बदलून पाहते," मी म्हटलं.

"पाहा बापडी."

६ नोव्हेंबर, गुरुवार

फिल्टर आणला. घड्या घातलेला कागद, कडेला रबर. कागदाशी माझं जमतं. आयुष्य प्रुफं तपासण्यात चाललंय.

बॉनेट उघडायचा खटका शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. बाबा काठी घेऊन खुर्चीवर, शेजारीच. सांगायला तयार नाहीत. "तुला करायचंय ना? शोध." सापडला तेव्हा म्हणाले, "शाब्बास. आता उद्या झाकण उघडू."

काळी पेटी. चार क्लिपा. पहिलीला जोर लावला.

"अगं, हळू! जोरच लावायचा असता तर पैलवान बोलावला असता."

दुसरी हळू. तिसरी आपसूक. चौथी उडाली आणि बाबांच्या पायाशी पडली. त्यांनी काठीने ती माझ्याकडे ढकलली, कॅरम खेळल्यासारखी.

जुना फिल्टर काळा ठिक्कर. घड्यांत वाळू, एक वाळकं पान, एक पतंग — पंख शाबूत. रबरावर पांढऱ्या पेन्सिलीत तारीख आणि किलोमीटर. बाबांचं अक्षर. ते जे बदलतात त्यावर तारीख घालतात. दिवे, नळाचे वायसर, घड्याळातला सेल. सून घरात आली तेव्हा पेन्सिल जवळ नसावी.

तारीख चार वर्षांपूर्वीची. तेव्हा सासूबाई होत्या.

पेटी फडक्याने पुसली. पेटीतून एक जाड नळी पुढच्या दिव्याकडे जाते, तिच्यातून बाहेरची हवा येते. तिथे हात गेला तशी काठी आपटली.

"नळीत हात घालू नकोस. कोळी असतात."

हात काढला. कोळ्यांची मला भीती आहे आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

नवा फिल्टर ठेवला. झाकण बसेना. दाबलं. कोपराने दाबलं. जवळजवळ वर बसले.

"उलटा ठेवलायस," बाबा म्हणाले. "प्रुफंपण अशीच तपासतेस का?"

किती वेळ पाहत होते कोण जाणे! सुलटा ठेवला. टक्, टक्, टक्, टक्. चार क्लिपांचे चार आवाज. इतका नेमका आवाज मी आजवर कुठल्या कामातून काढला नव्हता.

बाबांनी खिशातून पांढरी पेन्सिल काढली. म्हटलं, तारीख राहिली का? "मग? उघड परत. ज्याने बदलला त्याने घालायची." चारही क्लिपा पुन्हा काढल्या. तारीख घातली, किलोमीटर घातले. ती पेन्सिल त्यांनी नवऱ्याच्या हातातसुद्धा कधी दिलेली नाही.

मग चढ. अर्ध्यावर — धाप. ठमी थांबली. रिव्हर्समध्ये खाली आणली.

बाबा फाटकात उभे. "बघ. म्हटलं नव्हतं?"

आणि गुणगुणत आत गेले! रात्री दोनदा वाढून घेतलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हात तीनदा धुतले. नखांतली काळी रेघ जात नाही. जाऊ नये असंच वाटतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

चूक माझीच असणार. प्रुफात चूक राहते ती दुसऱ्यांदा पाहिल्यावर सापडते. बाबा गुडघ्याच्या व्यायामाला गेले होते. पेटी पुन्हा उघडली. या वेळी मिनिटसुद्धा लागलं नाही! फिल्टर बरोबर बसलेला. तारीख जागेवर.

राहिली नळी.

स्वयंपाकघरातून चिमटा आणला. कोळी असलाच तर माझ्यापासून हातभर लांब राहावा. डोळे मिटून आत घातला. काहीतरी मऊ लागलं. ओढलं.

राखाडी मोजा. महिनाभर शोधत होते तो.

मग पेटी बंद केली आणि ठमीला चढावर घातलं. तिसऱ्या गिअरमध्ये! धाप नाही, काही नाही. टाकी आली, टाकी गेली. वर पोचून हॉर्न वाजवला, कारण नसताना. टाकीच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला. तीन फेऱ्या मारल्या. मी! फाटकातून गाडी काढताना देवाचं नाव घेणारी मी!

तिसऱ्या फेरीला, वरच, लक्षात आलं. उद्या दहाला बाई हाच चढ चढणार. त्यांनाही असंच वाटणार. आणि ठमी जाणार. मग बाबा पेपर कुठे वाचणार?

घरी येऊन मोजा धुतला. दोन्ही राखाडी दोरीवर लावले, नवऱ्याच्या निळ्यांच्या शेजारी.

बाबा परतले. दोरीकडे पाहत राहिले.

"सापडला वाटतं."

"हो."

"कुठे होता?"

"कोळ्यांकडे."

ते आत गेले. आज गुणगुणणं नाही. ताटात अर्धं तसंच.

संध्याकाळी नवरा ठमीला पॉलिश करत होता. त्याला सांगितलं.

"नळीत मोजा? बाबांनी?"

"मग काय, मोजा स्वतः चालत गेला?"

एकाच दिव्यावर तो बराच वेळ फडकं फिरवत राहिला. मग म्हणाला, "काढलास ना आता? झालं तर. बाबाच म्हणाले ना विका. दहाला येतायत त्या."

मी आत आले. तुमच्या बाबांनी तोंडाने सांगितलेलं ऐकू येतं, नळीतून सांगितलेलं नाही — हे वाक्य जिभेवर होतं. गिळलं. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं. बाबा पुढच्या सीटवर, पट्टा लावून. नवरा मागच्या सीटवर, फडकं मांडीवर. लहानपणी बसत असेल तसा, मधोमध. दोघंही समोर बघत होते. अर्धा तास ठमी जागची हलली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी सहा

मोजे वाळलेत. एकच घेतला.

रविवार, दुपार

बाई वेळेवर आल्या. छान बाई. ठमी चढापर्यंत पोचलीच नाही. फाटकातच उसासा टाकून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उसासा. तीनदा. मी चकित — महिनाभर एका मोज्यावर निदान अर्धा चढ तरी चढत होती!

बाई उतरल्या. बॉनेट थोपटलं. म्हणाल्या, "हिला आता आराम करू द्या हो," आणि हसत गेल्या.

आम्ही तिघं फाटकात. कोणी कोणाकडे पाहीना.

"आता हिला कोण घेणार," नवरा म्हणाला.

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

"कोणीच नाही," मी म्हटलं.

रविवार, संध्याकाळ

चिमटा घेऊन गेले. मी एक घातला होता. तीन निघाले. सगळ्यांत वरचा निळा.