सत्तेचाळीस सांडगे

आई, आज वर्गात मी चक्क नाचले. पन्नाशीची बाई टाळ्या पिटत नाचतेय म्हटल्यावर पोरं आधी दचकली, मग तीही नाचायला लागली. झालं असं, की पाचवीच्या पोरांना मी कमी-जास्त चिंचोके वाटले आणि सांगितलं, सारख्या ओळी लावा, एकही उरता कामा नये. बारावाल्यांनी कुणी तीन ओळी लावल्या, कुणी चार, आणि दोघं भांडायला लागले, खरं कुणाचं? पंचवीसवाल्याचा पाचापाचाचा असा देखणा चौरस झाला, की तो कुणाला हात लावू देईना. एक मुलगी मात्र रडकुंडीला आली. "बाई, माझा एक हरवलाय वाटतं. ओळी हुईनात." मी मोजले. सत्तेचाळीस!

आणि शुक्रवार पेठेतली आपली गच्ची दिसली. उन्हाळ्याची दुपार आहे, जुन्या धोतरावर सांडगे वाळताहेत. पीठ तू कालवून द्यायचीस, घालायचे मी, दुपारी उलटायचेही मीच. तुझा कायदा एकच, ओळी सारख्या हव्यात. शाळेचं तोंड न पाहिलेली तू सांडगे मोजायची नाहीस, नुसती नजर टाकायचीस. ओळ तुटकी दिसली की कुणीतरी सांडगा तोंडात टाकला, हे ठरलेलं. त्या दिवशी तू जिना चढून येतेस आणि आठाच्या ओळींत शेवटची ओळ साताचीच. "खाल्लंस व्हय गं?" मी म्हणते, नाही. तू पदर खोचून बसतेस. चाराच्या लावतेस, तीन उरतात. पाचाच्या लावतेस, दोन. सहाच्या, पाच. साताच्या, पुन्हा पाच. "बघ की! कुटं गेलं बाकीचं?" तुझा हात उगारलेला, आणि मी घाबरून ठोकून देते, "आई, काही आकडे असेच असतात. कशाच्याच ओळीत बसत नाहीत." तुझा हात खाली आला. "असं बी असतंय व्हय?"

सातवीनंतर बाबा माझी शाळा बंद करायला निघाले, तेव्हा तू त्यांच्यापुढे पहिल्यांदा उभी राहिलीस. "अवो, तिला आकड्यातलं लई कळतंय. शिकू द्या की." त्या एका वाक्यावर मी आज शाळेत बाई आहे.

त्या मुलीला मी म्हटलं, अगं, काही हरवलं नाही, ही मूळ संख्या! दोनापासून दहापर्यंत कुठल्याच पाढ्यात ही सापडायची नाही. मग तिनं फळ्याखालून खिडकीपर्यंत एकच लांब ओळ लावली आणि शेवटच्या चिंचोक्यावर बोट ठेवून अशी हसली, की तू बघायला हवी होतीस.

मी ठोकून दिलेलं खरं निघालं, आई. शाळेत मूळ संख्या शिकले, त्याच दिवशी धावत येऊन तुला सांगायचं होतं. पण ते सांगताना पुढचंही तोंडातून निघालं असतं, म्हणून गप्प बसले, आणि तू गेलीस. हे पत्र आता कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. सकाळी मी एकोणपन्नास घातले होते, साताच्या सात ओळी. एक खाल्ला, तेव्हा उरलेल्यांच्या आठाच्या सहा ओळी लावून झाकलं. वाटलं, जमतंय की. मग दुसरा खाल्ला.