हात उचलायचा नाही

१९ डिसेंबर, सकाळी ८
सात वर्षांनी लेकीचा निरोप आला. माझ्या बहिणीमार्फत, कारण माझा नंबर लेकीने ब्लॉक केलाय. सुट्टी लागलीय, रविवारी अठ्ठावीसला जेवायला बोलावलंय. सहा वर्षांच्या नातीला मी अजून पाहिलेलं नाही. अट एकच, हात उचलायचा नाही. एवढंच? मी मुळात शांत माणूस. तरी आजपासून प्रॅक्टिस.

१९ डिसेंबर, दुपारी
नातीसाठी छोटी खुर्ची करतोय. चाळीस वर्षं सुतारकाम केलं ते कशासाठी? वखारवाल्याने ओलं लाकूड सुकं म्हणून गळ्यात मारलं. गोडीत सांगितलं. तो हसला. नडगीवर लाथ घातली. लाथेला कोणी हात म्हणत नाही. संकल्प शाबूत.

२१ डिसेंबर
खुर्चीचा एक पाय आखूड. बाकीचे तीन कापले, तर आता तोच लांब. रंधा खिडकीतून बाहेर गेला. फेकताना हात खांद्याच्या वर गेला नाही, त्यामुळे धरत नाही. शेजारचा शिंपी डोक्याला टॉवेल दाबून आला, पोलिसांत जातो म्हणाला. त्याला जवळ घेऊन समजावलं. समजावताना माझं कपाळ त्याच्या नाकावर लागलं. नाक त्याचं पहिल्यापासूनच नाजूक.

२३ डिसेंबर
बहीण आली. लेक घर सोडून का गेली ते आठवतं का, म्हणाली. म्हटलं, एक थप्पड. ती म्हणाली, थप्पड नव्हे, पट्टा. आणि मनगट मोडलं होतं. हिला नको ते डिटेल्स बरे लक्षात राहतात! टेबल उलथलं, दोन्ही हात खालूनच लावले. चहा तिच्या मांडीवर सांडला. गार पाणी मीच आणून ओतलं, पण ते ती कोणाला सांगणार नाही.

२६ डिसेंबर
चौथी खुर्ची जमली. पहिल्या तीन भिंतीवर आपटून निकालात काढल्या. नातीची उंची बहिणीला फोनवर विचारली. एकशे बारा सेंटीमीटर. आकडा पाटीवर लिहिला आणि रडू आलं. फार वर्षं वाया गेली. शिंप्याला हसून नमस्कार केला, तर तो रस्ता ओलांडून पळाला. लोकांना माणूस सुधारलेला बघवत नाही.

२८ डिसेंबर, संध्याकाळी ५
डाव्या हाताने लिहितोय.
नातीला खुर्ची आवडली. अजिबात डुगडुगत नाही, म्हणाली. जेवायला माझ्या शेजारी बसली. तिच्या हातून पेला सांडला, माझा शर्ट भिजला. मला राग आला नाही. शपथेवर लिहितो, हसू आलं. तिच्या केसांवरून हात फिरवावा म्हणून हात उचलला.
लेकीने हातातला काटा माझ्या पंजात खुपसला. मी ओरडलो, मायेने उचलला होता. ती म्हणाली, बाबा, तुमचा हात असाच उठतो. आणि स्वतःचं डोकं कोपराने झाकून उभी राहिली, अजूनही मारेन म्हणून. जावयाने पट्टी बांधली आणि माझे बूट आणून समोर ठेवले.
नात केव्हाच टेबलाखाली गेली होती. डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात डोक्यावर. तिथूनच तिने आईला विचारलं, काल शिकवलंस तसंच बसले ना.