आईंनी धरलेल्या जागा

१० डिसेंबर २०१६, सिंगापूर

कोट आले. इथल्या क्वीन्सटाउन भागातल्या ओळखीच्या मराठी घरांत मिळून हिवाळ्याच्या कपड्यांची एक निळी बॅग फिरते. जो जाणार त्याने न्यायची, सगळं धुऊन पुढे द्यायची. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, वाट्याला आलेला राखाडी कोट कुणाच्या आईचा, कळलं नाही. खिशात जपानमधल्या कुठल्याशा केबल कारचं तिकीट. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत खिशात ठेवलं. म्हणाल्या, त्यांचं आहे.

बाहेर घाम. आई आरशासमोर उभ्या. साडी, त्यावर कोट, पायांत इराचे जुने स्पोर्ट्स शूज. इरा इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आजी, सो स्टायलिश, लाह." आई वळून पाठीकडून बघत होत्या. हे सगळं त्या गंभीरपणे करतात. मला आवडतं.

११ डिसें., रविवार

ईस्ट कोस्टला जेवायला. हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखालचे खाण्याचे स्टॉल, भरलेलं. आम्ही तिघं तीन रांगांत, आई टेबल धरून. इथे खुर्चीवर टिशूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची. कुणी हात लावत नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा आईंना ही पद्धत अजब वाटली होती. आता या कामात त्यांच्याइतकं कडक कुणी नाही. एक माणूस ट्रे घेऊन घुटमळला. आईंनी मान हलवली. "फॅमिली कमिंग."

समीर लांबून आपल्या आईकडे बघत होता. खूश. म्हणाला, बघ, रुळली.

१३ डिसें.

जेवताना पुन्हा तोच विषय. पुण्याच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आहे, त्यांना जानेवारीत उत्तर हवं. सासरे गेल्यापासून आई तिथे एकट्या. इथे येतात, महिना-दोन महिने राहतात, परत जातात. स.चं म्हणणं, आता पुरे. फ्लॅट विकायचा, आई कायमच्या इथे. इथे राहायच्या पासचे कागद त्याने तयार ठेवलेत.

आई भात कालवत होत्या. "आधी ते स्वित्झर्लंड बघू दे. परत आल्यावर सांगते."

मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगेन, माहीत नाही. त्या असल्या की मी शाळेत शिकवून येते तेव्हा घरात दिवा लागलेला असतो.

१७ डिसें., झ्युरिक

थंडी नाकातून आत जाते आणि डोळ्यांतून बाहेर येते. स्टेशन उंच, रिकामं वाटावं इतकं उंच, आणि खाली एवढी माणसं. आवाज मात्र नाही. आई म्हणाल्या, "सगळे देवळात आल्यासारखे चालतात."

पासपोर्ट, रेल्वेचे पास, सगळं स.च्या कमरेच्या पाउचमध्ये. आमच्या चौघांचं एकच पोट.

१८ डिसें., ल्युसर्न

गाडी तळ्याच्या काठाने. पाणी शिशासारखं, डोंगर निम्मे ढगात. निम्मेच दिसतात म्हणून बाकीचे केवढे असतील असं वाटतं. मी सारखी म्हणत होते, आई बघा, इरा बघ. इरा म्हणाली, "आई, वी हॅव आइज."

बरोबर आहे. पण थांबवत नाही.

२१ डिसें., कांडरश्टेग

सगळं ठीक आहे. आधी एवढं लिहिते.

बर्नहून इथे येणारी गाडी. स्कीवाल्यांची झुंबड. स. धावत पुढच्या डब्यात शिरला, समोरासमोरच्या चार जागा रिकाम्या. आईंना खिडकीशी बसवलं, बाकी तीन जागांवर टिशूची पाकिटं. "आई, धरून ठेव, सामान चढवून आलोच." सामान त्या डब्यात मावेना. फलाटावरून मागे पळालो, जिथे जागा दिसली तिथे चढलो. दारं मिटली. आतून पुढे जायला वाट नाही: दोन अख्ख्या गाड्या एकमेकींना नुसत्या जोडलेल्या. स. म्हणाला असू दे, ती बसली आहे ना, उतरताना भेटू.

मधल्या श्पीत्स स्टेशनात त्या दोन गाड्या सुटून वेगवेगळ्या दऱ्यांत जातात. घोषणा झाल्या असणार. आम्ही तळं बघत होतो. मीच म्हणत होते, बघा.

पुढे एका मोठ्या वळणावर इराला खिडकीतून आमच्याच गाडीचं तोंड दिसलं. त्याच्या पुढे काही नव्हतं. रूळ आणि बर्फ. "बाबा. वेअर्स आजी?"

स.चा चेहरा. मी तो त्याचे वडील गेले त्या दिवशीही असा पाहिला नव्हता. आईंजवळ पास नाही, पासपोर्ट नाही, फोन आहे पण इथे तो लागत नाही.

पुढच्या स्टेशनवर उतरलो. तिकीट खिडकीत एक बाई. स.चं इंग्रजी तुटायला लागलं म्हणून इरा बोलली. आजी, ग्रे कोट, साडी. साडी म्हणजे काय ते बाईंना कळेना, तेव्हा इराने फोनवरचा फोटो दाखवला. बाईंनी त्या गाडीच्या कंडक्टरला फोन लावला. बोलता बोलता हसल्या, मग हसू आवरलं. म्हणाल्या, सापडल्या आहेत. पण त्या जागेवरून उठायला तयार नाहीत. घरचे येताहेत म्हणतात.

फोन स.कडे दिला. तिकडे कंडक्टरने त्याचा आईंकडे दिला. मी शेजारी होते, ऐकू येत होतं.

"आई, तू वेगळ्या गाडीत आहेस."

"तुम्ही कुठे आहात?"

"आम्ही दुसरीकडे गेलो."

मग आई: "मग या जागा सोडू?"

इराने फोन घेतला. "आजी, सोड. इट्स ओके. सोड."

ठरलं ते असं: आईंनी शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं, तिथून उलट गाडीने श्पीत्सला यायचं, आम्ही परत मागे श्पीत्सला थांबायचं. स. म्हणत होता मी तिकडेच जातो. आईंनी फोनवर सांगितलं, नको, पुन्हा चुकामूक होईल. तू एका जागी थांब.

थांबलो. फलाटावरून खाली तळं, पलीकडे डोंगर, त्यावर गुलाबी ऊन. इतकं सुंदर आणि आम्हाला बघता येत नव्हतं.

गाडी आली. पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी आधी उतरली, मग तिने वळून आईंना हात दिला. की आईंनी तिला, नीट दिसलं नाही. दोघी हसत होत्या. आई म्हणाल्या, हिला बसू दिलं. पण सांगितलं होतं, फॅमिली येईपर्यंत हं. मुलीने मान डोलावली. शब्द कळला नसेल, पण बाई कळली होती.

स.ने त्यांना मिठी मारली नाही. ओरडला. "आता तरी कळलं ना, एकटं राहणं म्हणजे काय असतं?"

आईंनी कोटाचं वरचं बटण लावलं. "कळलं," म्हणाल्या. "जमतं मला."

२२ डिसें.

दिवसभर बर्फ. स.च्या लेखी हिशेब स्पष्ट आहे: परदेशात एका तासात हरवली, पुण्यात काही झालं तर कोण. माझ्या लेखी तोच प्रसंग, उलटा. दोघांनी एकच गोष्ट पाहिली.

दुपारी आई इराला त्या दुसऱ्या दरीबद्दल सांगत होत्या. बुटकी घरं, छपरावर माणूसभर बर्फ, एका घरासमोर एक म्हातारा फावड्याने वाट काढत होता. गाडी दिसली तसा त्याने हात केला आणि आईंनीही केला. कंडक्टरने कागदी पेल्यात चहा आणून दिला. दूध नव्हतं, तसाच प्यायल्या.

"भीती वाटली?" इराने विचारलं. मराठीत.

"आधी वाटली. मग काय करणार, खिडकी होती." थोड्या वेळाने: "तिकडे मला कुणी बघा बघा म्हणत नव्हतं. सगळं माझं मीच बघितलं."

मी शेजारच्या खाटेवर होते. टोमणा होता की नाही, ठरवता येत नाही. असला तर योग्य.

२४ डिसें.

आई आणि मी गावाच्या टोकापर्यंत चालत. ओढा गोठलेला, मध्ये एक बारीक काळी धार वाहती. त्या माझा हात धरत नाहीत. पाऊल आधी टेकवून बघतात, मग भार देतात. तीन दिवसांत ही चाल शिकल्या. मी दोनदा घसरले.

विचारलं, काय ठरवलंत?

"तुला काय हवंय?" म्हणाल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न या घरात मला पहिल्यांदा.

तुम्ही असलात की मला बरं वाटतं, म्हणाले. खरं होतं. पण ते त्यांना अडवायला वापरायचं नव्हतं.

चालता चालता त्या म्हणाल्या, "हे समीरला सांगू नकोस. लगेच कागद काढील."

मग दोघी हसलो. ठरवण्याबद्दल एवढंच बोलल्या: तुमच्या घरात मला काही कमी नाही. मला उठायला कारण नसतं, एवढंच.

२७ डिसें., मिलान

लांबलचक बोगदा. बर्फ पडत होतं त्या बाजूने शिरलो, ऊन होतं त्या बाजूने निघालो. डब्यातल्या सगळ्यांनी एकदम कोट काढले. माणसांनी डोंगर पोखरून हे केलं आणि आता त्यावर कुणी बोलतसुद्धा नाही, शेजारचा माणूस संत्रं सोलत होता.

स. आता आईंचं कोपर सोडत नाही. फलाटावर, जिन्यावर, कॅफेत. आज मोठ्या चर्चसमोरच्या चौकात आई म्हणाल्या, "समीर, मी पर्स नव्हे." इरा खो खो. स.ने हात सोडला. चार पावलांनी पुन्हा धरला. आईंनी धरू दिला.

तो लहान असताना याच्या उलट असणार. हे त्याला सांगून उपयोग नाही, त्याला माहीत आहे.

२९ डिसें., मिलान

उद्या परत. आई एकट्या खाली जाऊन बेकरीतून ब्रेड घेऊन आल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. स. आंघोळीला होता. बाहेर आला तेव्हा त्या ब्रेडला लोणी लावत होत्या. पिशवीकडे बघितलं, आईकडे बघितलं. बसला, खाल्ला. चांगला होता.

२ जानेवारी २०१७, सिंगापूर

सुट्टी. उद्यापासून इराची शाळा, माझीही. कोट धुऊन वाळत टाकलेत. या दमट हवेत वाळायला वेळ लागणार.

सकाळी पोहे. गिऱ्हाइकाचा रात्री मेसेज आला होता. स.ने तो वाचून दाखवला, फोन पालथा ठेवला. "आई, काय कळवू?"

आईंनी स्वतःसाठी लिंबू पिळून घेतलं. "हे मला इथे विचारू नकोस. तिथे ये. माझ्या घरात, माझ्यासमोर बस, आणि मग विचार."

रजा संपली आहे, तो म्हणाला.

"मग मिळेल तेव्हा ये. मी पुढे होते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या मदतीला गेले नाही. आईंच्याही नाही. इरा म्हणाली, "बाबा, जस्ट गो, लाह." तिला गप्प बस म्हणालो, दोघंही एकदम.

आता स. लॅपटॉपसमोर आहे. आईंचं पुण्याला जायचं तिकीट निवडलं. स्वतःचंही, शुक्रवारचं, ऑफिसला काय सांगणार ते मी विचारलं नाही. परतीला एक जण की दोघं, इथे अडला आहे. आई आंघोळीला गेल्यात.

"तू सांग," मला म्हणाला.

म्हटलं, त्यांना विचार.

उठला. बाथरूमच्या दारापर्यंत गेला. हात उचलला, वाजवलं नाही. पाणी थांबायची वाट बघत उभा आहे.