जमा रायफलीस सोमवारी अर्धा तास तेल लावू देणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, काजिरवणे.

अर्जदार : मुझम्मिल हुसेनमियाँ हमदुले, वय ४९, धंदा नोकरी (इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन), कायमचा राहणार मोहल्ला काजिरवणे, हल्ली मुक्काम अबकैक, सौदी अरेबिया.

विषय : निवडणुकीनिमित्त जमा झालेल्या बावीस बोर रायफलीस, ती ठाण्याबाहेर न सोडता, तेल लावू देणेबाबत.

संदर्भ : १) आपली जमा पावती, "बंदूक, लांब, जुनी, नग १".
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
३) त्यांस आपले उत्तर (अद्याप अप्राप्त).

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, सदर रायफल त्याचे वडील हुसेनमियाँ, वय ८३, यांनी बोटीवर सारंग असताना पहिल्या मोठ्या पगारातून रीतसर परवान्यावर घेतली. ती सेमी-ऑटोमॅटिक आहे. दस्त्यातल्या नळीत बारीक गोळ्या ओळीने भरायच्या, चाप ओढला की एक उडते, रिकामे पितळी कवच आपसूक बाहेर पडते आणि पुढची गोळी जागेवर येते. परवान्यावर प्रयोजन "पीकसंरक्षण" असे आहे. प्रत्यक्षात गेल्या पंचावन्न वर्षांत तिने एकाही वानराच्या केसाला धक्का लावलेला नाही. आवाज झाला की वानरे कुंपणाच्या गडग्यावर येऊन बसत व कार्यक्रम पाहत. कार्यक्रम असा की, जुम्याच्या नमाजानंतर अब्बा चिऱ्याच्या गडग्यावर दहा करवंट्या मांडीत आणि वीस पावलांवरून उडवीत. दहाही कवचे शोधून त्यांच्या हातावर ठेवल्याशिवाय घरात कोणाला जेवण मिळत नसे. अर्जदाराचे बालपण गवतात पितळ शोधण्यात गेले व ते फार सुखाचे गेले, हे येथे नमूद करतो.

२. वयाची सत्तरी उलटल्यावर अब्बांनी नियमाप्रमाणे परवाना अर्जदाराच्या नावे केला. हीच चूक झाली. लोकसभेच्या आचारसंहितेत सर्वांना शस्त्रे जमा करण्याचा हुकूम आला, तेव्हा अब्बा ती फ्लॅनेलमध्ये गुंडाळून स्वतः ठाण्यात घेऊन आले, जमा करून घेतली गेली. निवडणूक संपली, परत मागायला गेले, तेव्हा कळले की परवानाधारक ते नाहीत. ठेवायला बाप चालतो, न्यायला मुलगाच लागतो.

३. अर्जदार रजा घेऊन आला, तर विधानसभेची आचारसंहिता लागलेली. पुढच्या खेपेस कफीलच्या, म्हणजे येथील जामीनदार मालकाच्या, हातापाया पडून तीस दिवस मिळवले, तर जिल्हा परिषदेची. लोकशाहीबद्दल अर्जदाराची तक्रार नाही, फक्त तिच्या व अर्जदाराच्या सुट्ट्या एकाच वेळी पडतात. मुखत्यारपत्र पाठवले, ते चालत नाही. साहेब, अर्जदाराचा निकाह अबकैकहून फोनवर, वकील नेमून लागला आहे. अशा रीतीने बायको मिळाली आणि सुखाने नांदते आहे. बंदूक मिळत नाही. मुद्देमाल कारकून श्री. देवदत्त नाईक अब्बांना दर सोमवारी एकच वाक्य सांगतात, "चाचा, पुढल्या सोमवारी या." सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे अर्जदारही जाणतो, पण इथे दोन वर्षे झाली. सदर वाक्याविरुद्ध अर्जदाराची तीव्र तक्रार आहे.

४. परवाना पुन्हा अब्बांच्या नावे करावा, असाही अर्ज केला. उत्तर तोंडी मिळाले : वारसा बापाकडून मुलाकडे येतो, उलटा न्यायचा तर परवानाधारक मयत असावा लागतो, दाखला जोडा. अर्जदार आजमितीस मयत नाही. कंपनीने नुकतीच वैद्यकीय तपासणी केली असून सर्व अहवाल, दुर्दैवाने, उत्तम आहेत. प्रत सोबत जोडली आहे.

५. येथील अर्जदाराच्या सौदी साहेबांच्या बागेतल्या घरी, त्यांच्या वडिलांची अगदी अशीच रायफल, त्यांच्या परवान्यावर आहे. एका शुक्रवारी त्यांनी ती कौतुकाने दाखवली. आतून कोरडी पडलेली होती. अर्जदाराने तासभर बसून ती उघडली, पुसली, तेल दिले. गोळी झाडली नाही. साहेबांनी "खलास?" म्हणजे झाले का, असे विचारले, तेव्हा अर्जदाराने ती पुन्हा एकदा पुसायला घेतली. परक्याच्या बापाची बंदूक पुसता येते आणि आपल्या बापाची नाही, याचे त्याला अतोनात वाईट वाटले. हा मुद्दा कायद्याच्या चौकटीत बसत नसल्यास वगळावा.

६. आता मूळ कारण. अब्बा दर सोमवारी दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात, तेलाची बाटली व फ्लॅनेल पिशवीत घेऊन ठाण्यापर्यंत चालत येतात व बाकावर बसतात. गेल्या महिन्यात अवकाळी पाऊस पडला त्या सोमवारी मुद्देमालाच्या खोलीचे दार उघडे राहिले. जप्त काठ्या आणि दारूच्या कॅनच्या गर्दीत त्यांना रायफल दिसली. तिच्या नळीवर कोणाची तरी ओली छत्री अडकवलेली होती. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. अर्जदाराची बहीण अफशाँ, जी त्यांच्याजवळ राहते, हिने फोन त्यांच्या कानाला लावला, तर एवढेच म्हणाले, "मुझ्या, विकली असतीस तरी बरं झालं असतं रे. विकत घेणाऱ्यानं पुसली तरी असती."

७. सबब विनंती की, (अ) छत्री काढावी. (आ) दर सोमवारी अर्धा तास, आपल्या शिपायासमक्ष, रायफल अब्बांच्या मांडीवर द्यावी. गोळ्या नकोत, त्या भरायची नळीही काढून ठेवावी. तेल, चिंधी आमची. हवे तर अब्बांना बेडी घालून बसवावे, ते हरकत घेणार नाहीत. फक्त डावा हात मोकळा ठेवावा, पुसतात त्या हाताने.

८. हेही नियमात बसत नसेल, तर नकार कृपया अर्जदारास अबकैकच्या पत्त्यावर लेखी कळवावा. अब्बांना कळवू नये. हा अर्ज अफशाँ मुद्दाम मंगळवारी आणून देत आहे, तो याचसाठी. नाही म्हटले की सोमवारचे कारण संपेल. मग दाढीही राहून जाईल, इस्त्रीही राहून जाईल, आणि त्यानंतरचे अर्जदाराला लिहवत नाही. म्हणून परिच्छेद ३ मधील तक्रार अर्जदार या अर्जान्वये बिनशर्त मागे घेतो. श्री. नाईक यांना समज देण्याऐवजी आपण एवढेच सांगावे की त्यांनी माझ्या अब्बांना नेहमीच्याच आवाजात म्हणत राहावे, "चाचा, पुढल्या सोमवारी या."

आपला नम्र व अद्याप हयात,

(सही)
मुझम्मिल हुसेनमियाँ हमदुले
अबकैक, शुक्रवार, दि. १० एप्रिल २०२६

सोबत : १) जमा पावतीची प्रत.
२) परवान्याची प्रत.
३) अर्जदार जिवंत व सुदृढ असल्याचा वैद्यकीय अहवाल.
४) एक नवी छत्री, ज्यांची अडकवलेली आहे त्यांच्यासाठी, खुंटीसह.