अक्षर माझंच आहे

सोमवार, ६ जानेवारी
ठाण्यात, नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आज पहिला दिवस. काउंटरवर मी आणि प्रमोदिनीताई. त्या इथे एकवीस वर्षं आहेत. त्यांच्याच घरी मी पेइंग गेस्ट म्हणून राहते, दवाखान्यापासून चालत सात मिनिटं. खोली लहान, पण खिडकीत कढीपत्त्याचं झाड. विठ्ठलवाडीहून निघताना आई म्हणाली, जमलं नाही तर परत ये. मागच्या वर्षी मी कॉलेज अर्धवट सोडून आठ महिने पलंगावर काढले, म्हणून. फाइलींची कपाटं, थेंबांच्या बाटल्या, कोणतं झाकण कशाचं, सगळं संध्याकाळपर्यंत पाठ झालं. ताई म्हणाल्या, पोरगी चुणचुणीत आहे.

गुरुवार, २३ जानेवारी
भूक गेलीय. एका फाइलीतली एकच ओळ चार वेळा वाचली, डोक्यात शिरली नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात बसून मला ‘बुबुळ’ हा शब्द आठवेना. हसण्यावारी नेलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आईचा फोन. डोंबिवलीला मावशीच्या गच्चीवर माकडाने पापड पळवले आणि तू काठी घेऊन मागे धावलीस, असं ती हसत सांगत होती. मी हो हो म्हटलं. मला काही आठवत नाही. लहानपण शोधायला गेले की एवढंच हाती लागतं, की वाईट होतं. एक दिवस नाही, एक आवाज नाही. आई कुणाबद्दल बोलत होती?

सोमवार, १० फेब्रुवारी
कोलशेतचे विश्रामकाका काचबिंदूचे थेंब घेऊन गेले आणि दारातूनच परत आले. म्हणाले, “बाय, ही बाटली माझी नाय. माझं झाकण लाल नसतं.”
ते डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब होते, काचबिंदूला घातक. त्यांच्या डोळ्यात गेले असते तर—
बाटली मी दिली. दिल्याचं आठवत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
कालच्या नोंदीखाली एक ओळ आहे. ‘तुझ्या हातून कुणीतरी आंधळं होणार. निघून जा.’
अक्षर माझंच. मी कधी लिहिलं?

गुरुवार, १३ फेब्रुवारी
आणखी एक. ‘सगळ्यांना कळलंय.’
जेवायच्या सुट्टीत बाहेर पडले. भान आलं तेव्हा कोलशेतच्या खाडीपाशी उभी. रिक्षात कधी बसले, माहीत नाही. समोर पाणी, डोक्यात तेच, निघून जा, निघून—
नाही. मागे वळले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
वही ताईंपुढे ठेवली. त्यांनी सगळी वाचली.
“अगं, रोज माझ्या शेजारी बसतेस. सांगितलं का नाहीस?”
मी म्हटलं, कामावरून काढून टाकतील म्हणून.
त्यांनी पर्स उचलली, मला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, नैराश्यात डोकं असं करतं. लक्ष, शब्द, आठवणी, सगळ्यावर हात टाकतं. तू ढ नाहीस, वेडी नाहीस. गोळ्यांना वेळ लागेल, खाडीची आठवण आली की आधी मला फोन करायचा. ताईंनी ठरवलं, तोवर बाटल्या त्या देणार, मी फाइली काढणार.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
‘गोळ्यांनी काही होत नाही.’
परत माझंच अक्षर. या वेळी खाली लिहिलं: वाचलं. कामावर चाललेय.

सोमवार, ३ मार्च
चुकीची फाइल काढली. ताईंना आपणहून सांगितलं, बदलून आणली. आता बोलताना मधेच शब्द— तो, काय तो— जाऊ दे. त्याच्यावाचून बोलेन.
वही उघडीच ठेवतेय. तुला काय लिहायचं ते लिही. भीती वाटते मला, रोज वाटते. तरी ही खुर्ची माझी आहे, आणि हे अक्षरसुद्धा. ताई हाक मारतायत, बाहेर पेशंट खोळंबलेत, मी—